थंडीतल्या लग्नात साडीवर शाल आणि दागिने: आधी काय ठरवावे, नंतर काय घालावे

नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत पुणे, नाशिक किंवा नागपूर भागातल्या लॉनवरच्या स्वागतसमारंभात रात्री नऊच्या सुमारास नजर टाकली, तर एकच चूक दोन रूपांत दिसते. काही जणींनी साडी, ब्लाउज, दागिने असे सगळे निगुतीने जमवलेले असते आणि त्यावर घरातून निघताना हाताला लागलेले कार्डिगन चढवलेले असते. उरलेल्या जणी कार्डिगनने शोभा जाते म्हणून दंडावर हात चोळत, फोटोपुरते हसत उभ्या असतात. दोन्हींचे कारण एकच आहे. उबेचा विचार सगळ्यात शेवटी झालेला असतो, आणि शेवटी आलेली वस्तू आधीच्या सगळ्या निवडींवर पांघरूण घालते.

म्हणून क्रम बदलावा. साडी ठरली की लगेच शाल ठरवावी, आणि शाल अंगावर घेतल्यानंतर जे दिसत राहील तेवढ्यासाठीच दागिने निवडावेत. आपल्याकडच्या थंडीचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा 29-30 अंशांवर असतो आणि पहाटे 10-12 अंशांपर्यंत उतरतो. निफाडकडे तर तो एक आकडी होतो. त्यामुळे आपला पेहराव शालीसह आणि शालीविना, असा दोनदा पूर्ण दिसला पाहिजे. पुढचे सगळे टप्पे या एका अटीभोवती रचले आहेत.

## तयारी: आठवडाभर आधी

ही तयारी आदल्या रात्री होत नाही, कारण ब्लाउजमध्ये फेरफार करायचा असेल तर शिंप्याकडे लग्नसराईत निदान चार-पाच दिवस द्यावे लागतात. आधी पुढच्या गोष्टी विचारून घ्याव्यात.

1. मुहूर्त सकाळचा आहे की गोरज? गोरज मुहूर्ताचे लग्न म्हणजे अक्षता पडल्यानंतरचा सगळा वेळ उतरत्या पाऱ्यात जाणार.
2. जागा बंद कार्यालयाची आहे की लॉनची? लॉनवर वारा असतोच, शिवाय रात्री गवतावर दव पडते. पावलांच्या टप्प्यात याचा संबंध येईल.
3. आपली भूमिका काय? पाहुणीला शाल सांभाळायला दोन हात मोकळे असतात. करवलीला, वरमाईला किंवा आहेर लिहून घेणाऱ्या मावशीला ते नसतात. त्यांची ऊब मुख्यतः साडीच्या आतच असली पाहिजे.
4. येण्याजाण्याचा प्रवास कसा आहे? परतीला दुचाकी असेल तर त्या प्रवासासाठी वेगळे जॅकेट गाडीच्या डिकीत ठेवावे. समारंभाच्या शालीवर ते काम टाकू नये. चाकात पदर आणि शाल अडकून होणारे अपघात नवे नाहीत.

तपासणी: मोबाइलवर हवामान पाहताना दिवसाचे कमाल तापमान पाहून निर्धास्त होऊ नये. समारंभ संपण्याच्या वेळेचे तापमान पाहावे आणि शाल त्यावरून निवडावी.

## टप्पा 1: आतली ऊब

शाल नाजूक आणि सुंदर ठेवायची असेल तर सगळ्या थंडीचा भार तिच्यावर टाकता येत नाही. निम्मी ऊब आतून यावी लागते.

परकराखाली थर्मलची लेगिंग घालावी. ती घोट्याच्या वर चार बोटे संपणारी असावी, म्हणजे पायऱ्या चढताना निऱ्यांखालून डोकावत नाही. परकर सुती घ्यावा. थंडीतल्या कोरड्या हवेत सॅटिनचा परकर, सिंथेटिक साडी आणि अ‍ॅक्रिलिकची शाल एकत्र आली की स्थिर वीज तयार होते, निऱ्या पायांना चिकटतात आणि चालताना साडी वर चढते. कितीही पिना लावल्या तरी ते थांबत नाही. सुती परकराने आणि पायांना लावलेल्या क्रीमने बरेच थांबते.

वरच्या भागासाठी दोन मार्ग आहेत. ब्लाउज नवा शिवायचा असेल तर मखमलीचा किंवा अस्तर लावलेल्या जाड रेशमाचा, कोपराच्या खाली येणाऱ्या बाह्यांचा शिवावा. पैठणी, नारायणपेठी किंवा इरकल या साड्यांवर गडद रंगाचा मखमली ब्लाउज उत्तम दिसतो आणि मुद्दाम थंडीसाठी घातला आहे असे वाटतही नाही. ब्लाउज जुनाच वापरायचा असेल तर त्याखाली पातळ, खोल गळ्याचा थर्मल घालावा आणि त्यासाठी ब्लाउजच्या बाजूच्या टिपा उसवून मार्जिनमधून अर्धा-पाऊण इंच जागा काढून घ्यावी. मार्जिन शिल्लक आहे का, हे ब्लाउज उलटा करून आधी पाहावे.

बाह्यांच्या लांबीकडे लक्ष असू द्यावे. पूर्ण बाही मनगटाच्या हाडापर्यंत आली तर बांगड्या तिच्यावर चढतात, कापड चुरगळते आणि बांगड्यांचा आवाजही बसका होतो. पूर्ण बाही शिवायचीच असेल तर बांगड्या, पाटल्या, तोडे असे जे काही घालायचे ते मनगटावर चढवून शिंप्याकडे माप द्यावे आणि बाही त्यांच्या वर संपवावी.

तपासणी: थर्मल आणि ब्लाउज घालून दोन्ही हात डोक्यावर न्यावेत, मग नमस्काराला वाकतो तसे वाकावे. गळ्यातून किंवा पाठीच्या नाड्यांमागून थर्मल दिसत असेल तर त्याचा गळा दिसणार नाही असा कापून दुमडून घ्यावा. समारंभात तो सारखा आत ढकलत राहण्यापेक्षा हे बरे.

## टप्पा 2: शाल निवडणे

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून इथे थोडे रेंगाळू.

माप. साधारण 2 मीटर लांब आणि 1 मीटर रुंद ती पूर्ण शाल. तेवढीच लांब पण 70 सेंटिमीटरच्या आसपास रुंद तो स्टोल. उंची पाच फुटांच्या आत असेल तर पूर्ण शाल साडीवर फार पसरते आणि निऱ्या झाकते, स्टोल बरा. मफलरच्या रुंदीची वस्तू साडीवर घेऊ नये, ती गळ्यातल्या दागिन्यांशी भांडते.

पोत. खरी काश्मिरी पश्मिना लडाखच्या चांगथांग भागातल्या शेळ्यांच्या आतल्या मऊ लोकरीची असते आणि तिचा तंतू 16 मायक्रॉनपेक्षा जाड नसतो. म्हणूनच ती वजनाला हलकी असूनही गरम राहते. प्रदर्शनांत काही शे रुपयांना ‘पश्मिना’ म्हणून विकले जाते ते बहुतेक वेळा व्हिस्कोज किंवा अ‍ॅक्रिलिक असते. ते वापरण्यात कमीपणा नाही, पण त्याच्या उबेचा अंदाज चुकता कामा नये. शाल अंगठीतून ओढून दाखवणे ही काही कसोटी नव्हे, कारण पातळ व्हिस्कोजचा स्टोलही अंगठीतून सहज जातो. झालरीतला एक धागा तोडून, चिमट्यात धरून, घराबाहेर जाळून पाहावा: लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते, अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी बनतो. रेशमालाही केसांसारखाच वास येतो, त्यामुळे या कसोटीने सिंथेटिक तेवढे ओळखता येते, पश्मिना सिद्ध होत नाही.

सावधान: होमाजवळ बसायचे असेल, समया पेटलेल्या असतील किंवा लॉनवर शेकोट्या लावलेल्या असतील, तर अ‍ॅक्रिलिकची शाल आणि विशेषतः तिची झालर विस्तवापासून दूर ठेवावी. ती पेटते आणि वितळून कातडीला चिकटते.

नक्षी. साडी आणि शाल या दोघींपैकी एकीनेच बोलावे. पैठणीच्या पदरावर मोर, आसावली म्हणजे फुलांची वेल किंवा मुनिया म्हणजे पोपट असताना वर सोझनीच्या, म्हणजे बारीक काश्मिरी सुईकामाच्या भरतकामाची शाल घेतली की दोन्ही वाया जातात. भरजरी साडीवर एकरंगी शाल घ्यावी, फार तर बारीक काठाची. सोझनीची किंवा कानीची (विणतानाच नक्षी काढलेली काश्मिरी) जड नक्षीकामाची शाल साध्या रेशमी, खादीच्या किंवा बारीक काठाच्या साडीसाठी राखून ठेवावी. तिथे ती राणीसारखी बसते.

रंग. शालीचा रंग साडीच्या अंगाशी जुळवण्याचा मोह टाळावा. जवळपासची छटा मिळते, तीच कधी मिळत नाही, आणि पिवळ्या दिव्यांत तो फरक उठून दिसतो. रंग काठातून किंवा पदरातल्या नक्षीतून उचलावा. हिरव्या अंगाची, लाल काठाची नारायणपेठी असेल तर गडद मरून शाल घ्यावी. जांभळ्या पैठणीवर पदरातल्या पोपटाचा हिरवा किंवा जरीच्या जवळचा बदामी. दोन-तीन साड्यांत एकच शाल चालवायची असेल तर मोतिया किंवा बदामी रंग घ्यावा. काळी शाल सोयीची वाटते, पण रात्रीच्या फोटोत ती अंगावरचे एक भोक दिसते, म्हणून मी ती सुचवत नाही.

तपासणी: शाल आणि साडी संध्याकाळी, घरातल्या पिवळ्या दिव्याखाली शेजारी ठेवून पाहावी. दुकानातल्या पांढऱ्या दिव्यावर विसंबू नये. नंतर शालीची उलटी बाजू पदराच्या जरीवरून हळूच फिरवावी. धागा अडकत असेल तर ती जोडी तिथेच रद्द करावी. विरळ विणीच्या शाली जरीला हमखास अडकतात.

## टप्पा 3: शाल साडीवर बसवणे

आपला पदर डाव्या खांद्यावर असतो, सहावारी असो वा नऊवारी. म्हणून शालीची जागा उजवीकडे आहे. डाव्या खांद्यावर पदरावरच शाल टाकली की सगळा भार एका बाजूला जातो, पदर झाकतो आणि खांद्याची पिन कापड फाडते. गुजराती पद्धतीने पदर उजवीकडे घेतला असेल तर हेच उलट करावे.

उजव्या खांद्यावरची घडी. शाल पलंगावर पसरून पदराच्या पट्ट्या घालतो तशा लांबीच्या दिशेने पाच-सहा पट्ट्या घालाव्यात. ही पट्टी उजव्या खांद्यावर टाकली की पुढचे आणि मागचे टोक गुडघ्यांच्या आसपास येते. पुढचे टोक कमरपट्ट्यात अडकवावे किंवा डाव्या कोपरावर घ्यावे. ही पद्धत दिसायला सर्वांत नेटकी आहे, उबेला मात्र बेताची. दिवस मावळेपर्यंत पुरते.

ही घडी घसरते, हे खरे. त्यावर पिन टोचणे हा उपाय नाही, कारण पश्मिनाची वीण पिनेने कायमची उसवते. ब्लाउजच्या उजव्या खांद्याच्या शिवणीवर, ब्लाउजच्याच कापडाची दोन-अडीच इंचांची अरुंद पट्टी शिवून घ्यावी. एक टोक पक्के, दुसऱ्या टोकाला टिचबटण. शालीची घडी तिच्याखालून काढून बटण दाबले की ती जागची हलत नाही, आणि शाल काढल्यावर पट्टी बाहीच्या शिवणीत मिसळून जाते. शिंप्याला हे पाच मिनिटांचे काम आहे. शाल जाड लोकरीची असेल आणि पिन लावायचीच असेल, तर पिनेच्या पोटात एक मोती किंवा छोटे बटण ओवून घ्यावे, म्हणजे कापड पिनेच्या गुंडाळीत शिरत नाही.

पदराखालून शाल. खरी थंडी असेल तेव्हा ही पद्धत वापरावी. ती फारशी कुणी करत नाही, आणि मला सर्वांत आवडते ती हीच. पदराची पिन काढून पदर पुढे धरावा. शाल पाठीवरून दोन्ही खांद्यांवर घ्यावी, डाव्या खांद्यावर ती पसरून सपाट करावी आणि मग पदर तिच्यावरून नेऊन पट्ट्या नीट बसवाव्यात. आता पिन लावायची ती पदर आणि ब्लाउज यांना, शालीच्या कडेच्या आतून, शालीला न टोचता. पाठ, दोन्ही दंड आणि उजवी बाजू उबेत राहते, आणि पदराची नक्षी पूर्ण दिसते. याला शाल पातळ हवी. जाड शालीने डावा खांदा उचललेला दिसतो.

दोन्ही कोपरांवरून. शाल पाठीमागून घेऊन दोन्ही कोपरांवर सोडणे फोटोत छान दिसते. फोटो झाला की ती नीट घ्यावी. चालताना, आणि विशेषतः ताट हातात घेतल्यावर, तिची टोके कुठे जातील याचा नेम नसतो.

नवरीने विधींच्या वेळी शाल घेऊ नये. तिच्या अंगावर शेला असतो, त्याची नवरदेवाच्या उपरण्याशी गाठ बांधलेली असते, आणि तिसरे कापड त्या गाठीत गुंतते. तिची ऊब पहिल्या टप्प्यातूनच यावी.

तपासणी: खाली बसून उठावे. वाकून नमस्कार करावा. उजव्या हाताने अक्षता टाकल्यासारखे करावे. डाव्या हातात ताट धरून उजव्या हाताने वाढून घेतल्याची नक्कल करावी. शालीचे टोक वरणाच्या वाटीत जाणार असेल तर ते आत्ताच कळेल.

## टप्पा 4: दागिने

शाल अंगावर घेऊन आरशासमोर उभे राहावे आणि काय दिसते ते पाहावे. चेहरा, कान, नाक, अंबाडा, गळ्याचा वरचा भाग आणि दोन्ही हात. दागिन्यांचा भर इथेच द्यायचा.

गळा. गळ्यालगत बसणारे दागिने थंडीत उपयोगी पडतात: ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक, तन्मणी. यांपैकी एक घालावा. त्याच्याबरोबर मोहनमाळ किंवा कोल्हापुरी साज असा एक लांब दागिना चालतो. शाल उतरवल्यावर तो पुढे येतो आणि पेहराव ओका वाटत नाही. मधल्या लांबीचे हार मात्र वगळावेत, कारण शालीची कड नेमकी त्यांच्यावर येते, त्यांना एका बाजूला ओढते आणि फासे पुढे येतात. मंगळसूत्र लांब असेल तर त्याच्या वाट्या शालीच्या झालरीत अडकतात. झालर गळ्याकडे न येऊ देता खाली सोडावी.

कान. मोत्यांच्या कुड्या शालीसाठी जणू बेतूनच केल्या आहेत. त्या कानाच्या पाळीला चिकटून बसतात, हलत नाहीत, कशात अडकत नाहीत. वर बुगडी घातली की मराठमोळा थाट पूर्ण होतो. मोठे झुमके घालायचे असतील तर शाल खांद्यांपासून दूर, कोपरांवर ठेवावी लागेल, आणि त्यांच्या कडेची बारीक लोंबती मोत्ये विणीत शिरणार हे गृहीत धरावे.

झुमका शालीत अडकलाच तर ओढू नये. आधी कानातून झुमका काढावा, मग उजेडात बसून अडकलेला धागा कड्यावरून सुईच्या बोथट टोकाने सोडवावा. शालीवर फास वर आलेला दिसेल. तो कापायचा नाही. बारीक सुई उलट बाजूने घालून तो फास मागे ओढून घ्यावा आणि वीण आडवी-उभी हलकेच ताणावी. धागा जागेवर जातो. कापलेला फास मात्र धुतल्यावर भोक होऊन समोर येतो.

नाक. थंडीत नाकाची कातडी कोरडी पडते आणि बऱ्याच जणींचे नाक गळते. चापाची नथ अशा वेळी टोचते आणि नाक पुसताना हातात येते. तिच्या तारेच्या टोकांना आदल्या दिवशी घासून गुळगुळीत करून घ्यावे, नाकाला किंचित तूप किंवा व्हॅसलीन लावून पुसून घ्यावे, आणि सगळे झाल्यावर शेवटी नथ घालावी. सर्दी झालेलीच असेल तर नथ फोटोपुरती घालून डबीत ठेवावी.

केस. शाल मानेवर येते, म्हणून मानेवरचा सैल अंबाडा तिच्या घर्षणाने सुटतो. खोपा किंवा अंबाडा नेहमीपेक्षा दोन बोटे वर बांधावा. मोगरा मुळात उन्हाळ्याचे फूल. हिवाळ्यात तो महाग आणि मरगळलेला मिळतो. त्यापेक्षा शेवंती आणि अबोली हंगामाची आहेत, आणि कुंदाची फुले मिळाली तर त्यांचा पांढरा गजरा गडद मखमलीवर फार देखणा दिसतो. शाल डोक्यावरून घ्यायची वेळ येईल असे वाटत असेल तर सोन्याची फुले आणि आकडे अंबाड्याच्या बाजूंना खोचावेत, माथ्यावर नकोत.

हात. काचेच्या बांगड्या गार, कोरड्या हातावर चढवू नयेत. हात कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून साबणाचा फेस लावावा, मग चढवाव्यात. अंगठ्यांबद्दल एक इशारा फार थोड्या जणी मनावर घेतात: थंडीने बोटे आकसतात. घरात घट्ट बसलेली अंगठी रात्री दहा वाजता, जेवणानंतर गार पाण्याने हात धुताना, बेसिनमध्ये जाते. सैल होणारी किमती अंगठी घालायचीच असेल तर तिच्यापुढे एक घट्ट साधे वळे घालावे.

सावधान: कोल्ड क्रीम आणि अत्तर यांनी मोत्यांची चकाकी जाते आणि जर काळवंडते. क्रीम लावून 15 मिनिटे मुरू द्यावे, अत्तर साडी नेसण्याआधी लावावे, मोत्यांचे दागिने त्यानंतर घालावेत.

## टप्पा 5: पावले

लॉनवर दव पडल्यावर कोल्हापुरी चपलांचे चामडे पाणी पिते, सैल पडते आणि रंगही सोडते. पेन्सिल हील गवतात रुततात. रुंद टाचेची बंद चप्पल किंवा जुती घ्यावी, आत कातडीच्या रंगाचे पातळ मोजे. जोडवी टोकदार असतील तर मोज्याला भोक पडते, म्हणून गुळगुळीत जोडवी घालावीत. मांडवात चपला काढाव्या लागतात आणि मोजे सगळ्यांना दिसतात. ते स्वच्छ आणि न फाटलेले असावेत, एवढेच. पैंजण मोज्यावरून घालावेत.

साडी नेसण्यापूर्वी चप्पल पायात हवी. अनवाणी नेसलेली साडी टाचेवर चढल्यावर आखूड होते आणि मोजे उघडे पडतात.

## टप्पा 6: पर्स

एक हात शालीत असतो, म्हणून हातात धरायचा क्लच नको. मनगटाला अडकणारा बटवा घ्यावा. त्यात चार सेफ्टी पिना, रुमाल, ओठांचा बाम आणि नथीची डबी ठेवावी. शिवाय मलमलची एक घडी घालता येईल अशी पिशवी घ्यावी: दुपारी शाल काढली की ती खुर्चीच्या पाठीवर टाकायची नसते, तिथूनच शाली हरवतात आणि त्यांवरच मसालेभाताचे हात पुसले जातात.

## टप्पा 7: त्या दिवशी घालण्याचा क्रम

1. हातापायांना आणि मानेला क्रीम. मग 15 मिनिटे थांबणे.
2. थर्मल, परकर, ब्लाउज. अत्तर आत्ताच, मनगटावर आणि कानामागे.
3. काचेच्या बांगड्या. साडीनंतर चढवल्या तर पाणी आणि फेस साडीवर उडतो.
4. केशरचना, फुलांशिवाय.
5. मोजे, पैंजण, चप्पल.
6. साडी. पदर तात्पुरत्या पिनेने.
7. गळ्यातले दागिने.
8. शाल, आणि त्यानंतर पदराची पक्की पिन.
9. कुड्या, बुगडी, अंगठ्या, फुले.
10. नथ.

सातवी आणि आठवी पायरी उलटी झाली तर हारांचे फासे लावताना शालीचे धागे त्यांत अडकतात. हा क्रम मोडू नये.

## संक्रांतीचे हळदीकुंकू: वेगळा नियम

जानेवारीतल्या हळदीकुंकवाला काळी साडी आणि नव्या सुनेच्या अंगावर हलव्याचे दागिने असतात. इथे शाल अजिबात नको. हलवा म्हणजे साखर. प्रत्येक दाण्याला बारीक काटे असतात, ते लोकरीत रुतून मोडतात आणि काळ्या कापडावर पांढरा चुरा सांडतो. ऊब सगळी आतून घ्यावी: थर्मल आणि लांब बाह्यांचा काळा मखमली ब्लाउज. हलव्याच्या दागिन्यांखाली पुठ्ठा आणि जरीची पट्टी असते. ती नाड्यांनी मागे बांधताना मानेवर ओले क्रीम असेल तर साखर विरघळते आणि गळ्याला चिकटते. म्हणून क्रीम सकाळीच लावून संपवावे. दागिने घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. फ्रिजमधून बाहेर काढल्यावर त्यांवर ओल धरते, म्हणून फ्रिज टाळावा.

अमेरिका, कॅनडा किंवा जर्मनीत संक्रांत साजरी करणाऱ्यांना साडीवर लांब कोट घालण्यावाचून गत्यंतर नसते. त्यांनी कोट आणि बूट हे केवळ प्रवासाचे समजावेत, दागिने पिशवीतून न्यावेत आणि सभागृहात पोहोचल्यावर आत घालावेत. शून्याखालच्या हवेत धातूचे दागिने कातडीला झोंबतात, आणि कोटाच्या कॉलरखाली खोपा टिकत नाही.

## घरी आल्यावर

दागिने उतरवल्यावर मोती मऊ, कोरड्या कापडाने पुसावेत आणि सोन्याच्या दागिन्यांपासून वेगळे ठेवावेत. शाल त्याच रात्री कपाटात टाकू नये, कारण तिच्यात दव, जेवणाचा वास आणि घाम असतो. ती सावलीत, सपाट पृष्ठभागावर दिवसभर पसरून ठेवावी; दांडीवर किंवा हँगरवर लटकवल्यास लोकर ताणते. डाग असल्यास ड्रायक्लीनला द्यावी. घडी मलमलच्या कापडात गुंडाळून, कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा लवंगांची पुरचुंडी शेजारी ठेवावी. डांबराच्या गोळ्या वापरल्याच तर त्या कापडात बांधून कोपऱ्यात ठेवाव्यात, शालीला किंवा जरीला लागू देऊ नयेत. जरीची साडी आणि लोकरीची शाल एकाच पिशवीत ठेवू नये. उन्हाळा लागण्यापूर्वी एकदा घडी उलगडून, कसर लागली आहे का ते पाहावे आणि शाल नव्या ठिकाणी दुमडून ठेवावी, म्हणजे घडीच्या रेषेवर ती विरत नाही.